निफाडची द्राक्षं रॉटरडॅमला जातात, तेव्हा नेमकं कोण कोणाशी व्यापार करतं?

प्रश्न असा आला आहे: "भारत नेदरलँड्सला द्राक्षं विकतो, इंडोनेशियाकडून पामतेल घेतो असं आपण वाचतो. पण देश विकतो म्हणजे कोण विकतं? पैसे कुठल्या चलनात आणि कोणाच्या खात्यात जातात? सरकार यात कुठे येतं? आपल्याकडे पिकणारी वस्तूही बाहेरून का आणायची? आणि निर्यातीपेक्षा आयात जास्त म्हणजे देश तोट्यात, असंच ना?"

मी न्हावा शेव्याला कस्टम्स आणि निर्यातीच्या कागदपत्रांचं काम बरीच वर्षं करतो आहे. अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही, त्यामुळे बंदरावरून जसं दिसतं तसं सांगतो.

पहिली गोष्ट, देश व्यापार करत नाही. निफाड तालुक्यातला एक निर्यातदार आणि रॉटरडॅममधला एक आयातदार व्यापार करतात. दोन्हीकडची सरकारं आपापल्या हद्दीवर उभी राहून काय आत येईल, काय बाहेर जाईल, त्यावर किती शुल्क आणि कोणता कागद लागेल एवढं ठरवतात. सरकार स्वतः खरेदीदार असतं अशी उदाहरणं आहेत, संरक्षण सामग्री किंवा युरिया घ्या, पण तो अपवाद. बातमीत "भारताची निर्यात अमुक अब्ज डॉलर" असं येतं ती अशा असंख्य खासगी सौद्यांच्या शिपिंग बिलांची (निर्यातदार कस्टम्सकडे मालाची जी नोंद देतो त्या कागदांची) बेरीज असते.

आता या दोन माणसांची अडचण बघा. निफाडवाल्याला वाटतं, माल गेला आणि पैसे आलेच नाहीत तर मी कुठल्या कोर्टात जाऊ? रॉटरडॅमवाल्याला वाटतं, पैसे दिले आणि पेटीतून कुजलेले घड निघाले तर? दोघांनी एकमेकांना कदाचित पाहिलेलंही नसतं, मध्ये काही आठवड्यांचा समुद्र आणि दोन वेगळे कायदे. परदेशी व्यापाराची जी किचकट यंत्रणा नवख्याला घाबरवते, त्यातली बरीचशी या परस्पर अविश्वासावर शोधलेली तोड आहे. हे लक्षात ठेवलं की प्रत्येक कागद का आहे ते कळत जातं.

द्राक्षाच्या एका कंटेनरमागे जाऊ. निर्यातदाराकडे विदेश व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीएफटीचा आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी) क्रमांक लागतो. तो नसेल तर पुढचं काहीच नाही. युरोपला जायचं असेल तर बागेची नोंदणी अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर हवी. या प्लॉटमधला माल, या तारखेचा नमुना, या प्रयोगशाळेचा अहवाल अशी साखळी त्यात जोडलेली असते आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत मागे जाता येतं. पॅकहाउसमध्ये घड निवडून पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत, भरतात, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात, प्री-कूलिंगमध्ये मालाचं तापमान शून्याच्या जवळ आणतात आणि मग रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये चढवतात. कृषी खात्याचा अधिकारी तपासून फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र देतो: माल कीड-रोगमुक्त आहे याची एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेली लेखी ग्वाही. दोन व्यापाऱ्यांच्या सौद्यात सरकार सरकारशी बोलतं असा हा एक मोजका प्रसंग.

मग आमचं काम. आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर शिपिंग बिल भरायचं, त्यात मालाचा एचएस कोड, म्हणजे वर्गवारीचा क्रमांक, टाकायचा. ताजी द्राक्षं 0806 10, बेदाणे 0806 20. पहिले सहा आकडे जवळजवळ सगळ्या जगात सारखे असतात. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गवारी 1988 पासून चालू आहे. पुढचे दोन आकडे भारताने आपले जोडलेत. कंटाळवाणा विषय वाटतो, पण सगळे पैसे इथेच फिरतात. कोड बदलला की शुल्क बदलतं, परवानगी बदलते, कधी बंदीच लागू होते. देशातल्या करआकारणीतही हीच वर्गवारी वापरतात. छोट्या बाटलीतलं खोबरेल हे खायचं तेल की केसांचं, या प्रश्नावर आपल्याकडे वर्षानुवर्षं खटला चालला आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खाद्यतेल म्हणून धरता येईल असा निकाल दिला. कोणी हसेल, पण ज्याच्या गोदामात माल पडलाय तो हसत नाही.

कस्टम्सचा 'लेट एक्स्पोर्ट', म्हणजे माल बाहेर जाऊ द्या, असा आदेश मिळाला, कंटेनर जहाजावर चढला की शिपिंग कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. आमच्या भाषेत बीएल. बहुतेक लोक याला पावती समजतात. पावती तर तो आहेच, वाहतुकीच्या कराराचा पुरावाही आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो मालाच्या हक्काचा कागद आहे. मूळ बीएल सहसा तीन प्रतींत निघतो आणि त्यातली एक प्रत जो हजर करेल त्याला तिकडच्या बंदरात माल मिळतो. म्हणजे माल समुद्रात असताना कागद विकला तरी माल विकला जातो. हा कागद बँकेमार्फत पाठवायचा आणि पैसे मिळाल्याशिवाय सोडायचा नाही, यावर अर्ध्या जगाचा व्यापार उभा आहे. अर्थात तो बीएल हक्काचा, म्हणजे 'टू ऑर्डर' हवा. सी वेबिल काढलंत, तर तो हक्काचा कागद नसतो, माल नाव असलेल्यालाच मिळतो, म्हणून कागद हातात ठेवून काही उपयोग नाही.

जोखीम कोणाची हे ठरवायला इन्कोटर्म्स आहेत. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने 1936 मध्ये पहिल्यांदा काढलेले नियम, सध्याची आवृत्ती 2020 ची, एकूण 11 संज्ञा. एफओबी न्हावा शेवा म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची. सीआयएफ रॉटरडॅम म्हणजे भाडं आणि विमाही विकणाऱ्याने भरायचा. इथे नवे निर्यातदार हमखास गोंधळतात: सीआयएफमध्ये खर्च रॉटरडॅमपर्यंतचा तुमचा असला तरी जोखीम न्हावा शेव्यालाच खरेदीदाराकडे गेलेली असते. वादळात माल बुडाला तर विम्याचा दावा त्याने करायचा. (कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए, म्हणजे वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची, असं लिहायला हवं, मंडळ तसं बजावत आलंय. तरी सगळे सवयीने एफओबीच लिहितात.)

आता पैशांचं. साध्या सौद्यात थोडा ॲडव्हान्स आणि कागद मिळाल्यावर बाकी, असं चालतं. द्राक्षाचा धंदा मात्र बराचसा कन्साइनमेंटवर होतो आणि तो आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मार्केट यार्डात अडत्याकडे माल टाकायचा, तो विकेल त्या भावाची पट्टी येणार, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा. रॉटरडॅमचा आयातदार तेच करतो. फक्त हमालीच्या जागी कोल्ड स्टोरेज आणि रीपॅकिंगचा खर्च लागतो, आणि पट्टी युरोमध्ये येते. काही जण किमान भावाची हमी देतात. ती लेखी असल्याशिवाय तिला अर्थ नाही, एवढं मी प्रत्येकाला सांगतो. पैसे बुडण्याचा विमा 1957 मध्ये स्थापन झालेली सरकारी ईसीजीसी देते. प्रीमियम वाचवणारे पुष्कळ भेटतात.

जिथे ओळख नाही आणि रक्कम मोठी आहे तिथे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी. खरेदीदाराची बँक लिहून देते की अमुक कागद अमुक तारखेपर्यंत बिनचूक आणा, पैसे मी देईन. अनोळखी माणसाच्या शब्दाऐवजी बँकेचा शब्द मिळतो. पण बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. यूसीपी 600 नावाच्या नियमावलीत हे स्पष्टच आहे. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस असतात. एलसीमध्ये शेवटची शिपमेंट तारीख 15 मार्च असेल आणि जहाजाला उशीर होऊन बीएलवर 16 मार्च पडली, तर माल कितीही उत्तम असो, बँकेच्या लेखी ती डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदातली तफावत. बँक पैसे देण्यास बांधील राहत नाही. बाजार चढा असेल तर खरेदीदार ती चूक निमूट मान्य करतो. बाजार पडला असेल तर त्याच एका दिवसासाठी किंमत कमी करून मागतो. म्हणून एलसी हातात आली की माल भरण्याआधी ती ओळ न् ओळ वाचावी, न जमणारी अट असेल तर तेव्हाच बदलून घ्यावी.

प्रत्यक्षात युरोच्या नोटा कुठेही जात नाहीत. आपल्या बँकेचं युरोपातल्या एखाद्या बँकेत युरोचं खातं असतं, त्याला नॉस्ट्रो म्हणतात. आयातदाराची बँक स्विफ्टचा संदेश पाठवून त्या खात्यात युरो जमा करते, इथे आपली बँक त्या दिवसाच्या दराने निर्यातदाराच्या खात्यात रुपये टाकते. स्विफ्ट स्वतः पैसे हलवत नाही, ती फक्त निरोप पोहोचवते. पुढे रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत शिपिंग बिल आणि आलेले पैसे यांची जोडी लागते. ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर बँक विचारणा करते, कारण फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने निर्यातीचे पैसे देशात आणणं बंधनकारक आहे. जुलै 2022 पासून रुपयांत व्यवहार करण्याचीही सोय आहे, पण समोरच्या देशाने साठलेल्या रुपयांचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. डॉलरचं वर्चस्व आहे ते यामुळे: मिळालेला डॉलर कुठेही खपतो.

आता "आपल्याकडे पिकत असताना बाहेरून का?" याकडे येऊ. उत्तर डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थतज्ज्ञाने 1817 मध्ये दिलं. त्याच्या उदाहरणात ठराविक कापड करायला इंग्लंडला वर्षभर 100 माणसं लागतात, पोर्तुगालला 90. ठराविक वाइनला इंग्लंडला 120, पोर्तुगालला 80. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही पोर्तुगालने 80 माणसांची वाइन देऊन ते कापड घेतलं, जे घरी करायला 90 लागली असती, तर 10 माणसांचे श्रम वाचले. इंग्लंडने 100 माणसांचं कापड देऊन 120 ची वाइन मिळवली. म्हणजे तुम्ही एखादी गोष्ट दुसऱ्यापेक्षा स्वस्तात करू शकता की नाही एवढं पुरत नाही. ती करताना हातातलं दुसरं काय सोडावं लागतं, ते बघायचं.

हिशेब बिनतोड आहे. पण रिकार्डोची माणसं एका दिवसात वाइन सोडून कापडाला लागतात, आणि लातूरचा सोयाबीनवाला तसा लागत नाही. आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त आयात करतो: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. तेल स्वस्त आलं की शहरातलं स्वयंपाकघर खूश आणि लातूरचा बाजार पडलेला. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, मे 2025 अखेर पुन्हा 10 टक्क्यांवर आणलं. दोन्ही वेळा निम्मे लोक नाराज. व्यापाराने देशाचा एकूण फायदा होतो हे मला पटतं, पण तो फायदा आणि तो तोटा एकाच घरात पडत नाही. ज्याच्या घरात तोटा पडतो त्याला कोणी भरपाई देत नाही, हेही तितकंच खरं.

मी या धंद्यात सगळ्यात जास्त भितो ते सरकारी अधिसूचनेला. कांद्याचं घ्या. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य. 8 डिसेंबरला सरसकट बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली ती 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 ला तेही गेलं. डिसेंबरच्या बंदीत, अधिसूचनेआधी माल जहाजावर चढू लागला असेल, किंवा शिपिंग बिल भरलं असून जहाज बंदरात आलं असेल, किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात दिला असेल, तर सूट होती. त्या रात्री कोणाचा कंटेनर गेटच्या आत होता आणि कोणाचा कळंबोलीच्या रांगेत, यावर कोणाचं वर्ष तरलं आणि कोणाचं बुडालं. लासलगावचा लिलाव थांबला तो वेगळाच. सरकारची बाजू मला समजते, शहरात कांदा भडकला की सरकारं हलतात. पण आपण बंद केल्यावर ढाक्याचा किंवा दुबईचा खरेदीदार जेवणात कांदा घालणं सोडत नाही. तो पाकिस्तान, इजिप्त, चीनकडे वळतो, आणि बंदी उठल्यावर सगळाच्या सगळा परत येत नाही.

यात आपणच एकटे नाही. एप्रिल 2022 अखेर इंडोनेशियाने स्वतःच्या लोकांसाठी पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आपण ओरडलो. ती बंदी चार आठवड्यांत उठली. पण त्याच मे महिन्यात आपण गहू थांबवला.

अशा मनमानीला आवर घालण्यासाठी 1947 मध्ये 23 देशांनी गॅट करार केला. भारत त्यांत पहिल्यापासून होता. त्याचीच 1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना झाली, मुख्यालय जिनिव्हा. मुख्य नियम दोन: एका सदस्याला दिलेली सवलत सगळ्यांना द्या, आणि आयात शुल्काची जी कमाल मर्यादा कबूल केली तिच्या वर जाऊ नका. म्हणून पामतेलावर आपण कागदोपत्री 300 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, सोयाबीन तेलावर मात्र 45 च्या वर नाही. पहिल्या नियमाला मोठा अपवाद म्हणजे मुक्त व्यापार करार. संयुक्त अरब अमिरातींशी आपला असा करार 1 मे 2022 पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरपासून. अशा करारांचा परिणाम द्राक्षवाल्यांनी उलट्या बाजूने भोगलाय. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं करारामुळे युरोपात बिनशुल्क जात असताना आपल्या द्राक्षांवर अनेक हंगाम 8 टक्क्यांच्या आसपास शुल्क बसत होतं.

संघटनेत तंटा सोडवण्याची सोय आहे, पण तिची अपील यंत्रणा डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण लटकतं.

शुल्कापेक्षा जास्त माल गुणवत्तेच्या नियमांवर अडतो, हे बाहेरून दिसत नाही. 2010 च्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. ती मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅमची होती. कंटेनर तिकडे पोहोचलेले, माल नाकारलेला, परत आणणंही परवडेना. नाशिकच्या बागाईतदारांनी त्या एका रसायनापायी कर्जं काढली.

शेवटी व्यापार तूट. 2023-24 मध्ये भारताची मालाची निर्यात सुमारे 437 अब्ज डॉलर आणि आयात सुमारे 678 अब्ज. आकडा बघून छातीत धस्स होतं. पण यात सेवा नाहीत. पुण्यातल्या आयटी कंपनीचं काम बंदरातून जात नाही, आणि सेवांमध्ये त्याच वर्षी 160 अब्ज डॉलरच्या वर शिल्लक आपल्या बाजूला होती. शिवाय परदेशातले आपले लोक घरी पैसे पाठवतात. आयातीत सर्वांत मोठा वाटा कच्च्या तेलाचा, आणि त्यातलं काही शुद्ध होऊन परत बाहेर जातं. नेदरलँड्स आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांत दिसतो तो मुख्यतः याच डिझेल-पेट्रोलमुळे. द्राक्षांचा वाटा त्यात किरकोळ. आणि नेदरलँड्सच्या नावावर चढलेला माल रॉटरडॅमला उतरून पुढे जर्मनी-बेल्जियममध्येही जातो. म्हणून एका देशाशी किती तूट, किती शिल्लक, यावर भांडणाऱ्यांकडे मी फारसं लक्ष देत नाही. यंत्रं आणण्यासाठी झालेली तूट आणि सोनं आणण्यासाठी झालेली तूट यांत फरक करायला हवा. सातत्याने उसनवारीवर चालणारी तूट धोक्याची, हे मान्य. 1991 च्या परकीय चलनाच्या संकटात आपण ते पाहिलंय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हल्ली सगळेच विचारतात: अमेरिकेने शुल्क लावलं तर ते भरतं कोण? कायद्याने अमेरिकन आयातदार, त्याच्या कस्टम्सकडे. 7 ऑगस्ट 2025 पासून 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के भारतीय मालावर लागले, तेव्हा अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिने करणाऱ्या युनिटला एक रुपयाही थेट भरावा लागला नाही. पण तिकडचा खरेदीदार लगेच सूट मागतो, ऑर्डर थोपवतो किंवा दुसऱ्या देशात हलवतो. 27 ऑगस्टच्या वाढीतही वाटेतल्या मालाला सवलत होती: त्या तारखेआधी जहाजावर चढलेला आणि 17 सप्टेंबरच्या आत अमेरिकेत आलेला माल जादाच्या 25 टक्क्यांतून सुटला. सौदा डीडीपीचा असेल, म्हणजे शुल्कासकट घरपोच, तर सगळा बोजा भारतातल्या विकणाऱ्यावर. एफओबी असेल तर समोरच्यावर. त्यामुळे नवा करार करताना भावाच्या घासाघिशीइतकाच वेळ एका ओळीवर घाला: माल रस्त्यात असताना शुल्क बदललं तर फरक कोणाचा. ती ओळ बहुतेक करारांत अजूनही नसते.